रोशाचं नाव रोशाच

खामगाव,
कार्तिक वद्य सप्तमी

चि. सानिका हिस,


तू पाठवलेला फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. पहिल्यांदा बाटली पाहिली, दुसऱ्यांदा खोक्याच्या मागची बारीक अक्षरं. पहिल्या पगारातले साडेसहा हजार तू सुवासावर घालणार म्हणून तुझी आई फोनवर कुरकुरत होती. मी तिला म्हटलं, घालू दे. मीसुद्धा माझ्या पहिल्या पगारातून सुवासच विकत घेतला होता. ती हकीकत तुझ्या आईलाही नीट माहीत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले. व्हॉट्सॲपवर एवढं मावायचं नाही, आणि मला बोटाने टाइप करायचा कंटाळाही आहे.

तू लिहिलंस, ‘आजी, मला असा वास हवाय जो ऑफिसात दुसऱ्या कोणाकडेच नसेल.’ या इच्छेत काही गैर नाही. मात्र ती बाटली घेण्याआधी तिच्या खोक्यावरचं एक नाव वाच. शेवटच्या दोन ओळींत आहे: जेरॅनिऑल. युरोपात २००५ पासून सुगंधाच्या खोक्यांवर अशा २६ द्रव्यांची नावं छापावी लागू लागली, कारण काहींच्या कातडीला ती सोसत नाहीत. तुझी बाटली तिकडची, म्हणून तिच्यावर ते नाव आलं. हे जेरॅनिऑल शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा वेगळं काढलं ऑस्कर याकोब्सेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८७१ साली. कशातून काढलं? हिंदुस्थानातून गेलेल्या एका गवताच्या तेलातून. तिकडचे व्यापारी त्या तेलाला ‘भारतीय जेरेनियम’ म्हणायचे, तेच नाव द्रव्याला चिकटलं. जेरेनियमच्या झाडाशी त्या गवताची सोयरीक नाही. ते गवत आपलं आहे. संग्रामपूरहून उत्तरेला बघितलं की जो सातपुडा दिसतो, त्याच्या उतारावरचं. रोशा त्याचं नाव. कुठे तिखाडी म्हणतात, संस्कृतात रोहिष. शास्त्रीय नावात जो ‘मार्टिनी’ शब्द आहे तो लखनौच्या क्लॉड मार्टिनचा. टिपू सुलतानाशी लढाई चालू असताना हा फ्रेंच माणूस इंग्रजांच्या फौजेबरोबर दख्खनच्या पठारावर होता. तिथे त्याने या गवताचं बी गोळा केलं आणि लखनौला नेऊन पेरलं. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या रॉक्सबरोने गवताला त्याचं नाव दिलं. रॉक्सबरोने हेही लिहून ठेवलंय की गुरं या गवतावर तुटून पडतात आणि त्यांच्या दुधालोण्याला त्याचा वास लागतो. ते वाचलं तेव्हा मी पन्नाशीत होते, आणि पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण तो दुधाचा वास मी विसाव्या-एकविसाव्या वर्षी घेतला होता.

१९७४ साली मला पहिली नेमणूक मिळाली ती डोंगराखालच्या एका गावात. एस.टी. सोनाळ्यापर्यंत, पुढे पायी. काळी जमीन संपून मुरूम सुरू होतो तिथून रस्ता चढू लागतो. शाळा म्हणजे एक खोली आणि पुढे निंबाचं झाड. मुलं कोरकूंची, भिलालांची, काही कुणब्यांची. मी खामगावात वाढलेली. सुवास म्हटलं की मला देवघरातलं चंदन, वारीतला बुक्का आणि गणपतीतलं केवड्याचं कणीस एवढंच ठाऊक. दसरा होऊन चार दिवस झाले असतील. पाऊस उघडला होता. मुलांना घेऊन नाल्याकडे निघाले तर पायवाटेच्या दोन्ही अंगांनी डोक्याएवढं गवत, शेंड्याला विटकरी छटेचे तुरे. त्यातून अंग चोरत पलीकडे निघालो, आणि मला वाटलं कोणीतरी गुलाबपाणी शिंपडलं. मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. वास माझ्याच लुगड्याच्या काठाला होता. गुलाबाचा म्हणावा तर त्यात लिंबाच्या पानासारखं काहीतरी हिरवं, आणि अगदी शेवटी घशाशी आल्यासारखी थोडी ऊब.

तिसरीतली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ‘बाई, थो रोशा हाय. आमच्या गाईबी खातेत.’

त्या संध्याकाळी तिच्या घरी चहा घेतला. चहाला तोच वास होता, अगदी पुसट.

नाल्याकाठी पुढे रोशाची भट्टी लागली होती. मी आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर तिकडे जात असे. भट्टी चालवणारे चाचा नंदुरबारकडून आलेले, साठीच्या पुढचे. त्यांच्या बापजाद्यांचा हाच धंदा. रोशाच्या भट्ट्या या साऱ्या मुलखात फार जुन्या आहेत. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरमध्येही रोशाच्या तेलाची नोंद आहे. रचना अशी: दगडांच्या चुलीवर मोठा हंडा. त्यात तुऱ्यांसकट कापलेल्या गवताच्या लहान जुड्या उभ्या दाबून भरायच्या, वर पाणी. झाकण बसवून कडेने चिखलाचा लेप द्यायचा, म्हणजे वाफ फुकट जात नाही. झाकणातून बांबूची नळी निघते, तिच्यावर सुतळी गुंडाळलेली, आणि ती उतरते एका तांब्याच्या भांड्यात. ते भांडं नाल्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेलं असतं. वाफ आली की भांड्याला पाण्याचा गारवा लागून ती जमते. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. चाचा ते शिंपल्याने अलगद काढून घ्यायचे. शंभर किलो ओल्या गवतातून फार तर अर्धा किलो तेल मिळतं. जाळ मोठा झाला की तेलाला करपट वास येतो, म्हणून चाचा रात्रभर जागे. लाकूड ओढून बाजूला घ्यायचे, पुन्हा सारायचे. हंड्याला हात लावून बघत बसायचे, जसा आपण तापाच्या पोराच्या कपाळाला लावतो.

मला वास घ्यायला त्यांनी शिकवलं. मी तुरा चुरगळून लगेच नाकाशी नेला तर म्हणाले, ‘मास्तरीणबाई, थोडं थांबा. आत्ता येतोय तो गवताचा वास. गवत उडून जाऊ द्या, मग रोशा येतो.’ दोन जातीही त्यांनी दाखवल्या. उतारावर, मोकळ्या उन्हात, सुट्या सुट्या ठोंबांनी वाढतो तो मोतिया. सखल, ओलसर जागी दाटीने माजतो तो सोफिया. दिसायला सारखेच, तेल मात्र वेगळं. मोतियाचं गुलाबाकडे जातं, सोफियाचं सुंठेसारखं तिखट. कापणाऱ्या मजुराने दोन्ही एकत्र केले तर सगळा घाणा बिघडला. चाचा प्रत्येक भारा हुंगून मगच हंड्याजवळ येऊ देत.

पगार हातात दोनशेच्या आत पडायचा. त्यातले अकरा रुपये देऊन मी मोतियाची एक औंसाची बाटली घेतली. माझ्या आईने ती पाहिली आणि विचारलं, ‘कोणाचे गुडघे दुखतात?’ कारण आपल्याकडे रोशाचं तेल म्हणजे सांधेदुखीचं तेल. तिळाच्या तेलात मिसळून चोळायचं, थंडीत म्हाताऱ्यांच्या खोलीत त्याचा वास असायचाच. अंगाला सुवास म्हणून तो कोणी लावत नव्हतं. मी लावला. म्हणून तू जी गोष्ट शोधतेस ती मला त्या वर्षी आयती मिळाली होती: खामगावात दुसऱ्या कोणाकडेच नसलेला वास. तो दुकानात नव्हता म्हणून दुर्मिळ नव्हता. घरोघरी होता, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, औषधाच्या बाटल्यांमध्ये. त्याच्याकडे सुवास म्हणून कोणी बघत नव्हतं इतकंच.

आता तुला रोशाची खरी हकीकत सांगते. मला ती कळल्यापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्रातल्या बंदरांना जाई, तिथून अरब व्यापाऱ्यांच्या हातून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिथे त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. तिथे ते उन्हात ठेवून, लिंबाचा रस आणि डिंकाचं पाणी घालून त्याचा पिवळेपणा आणि उग्रपणा कमी करत. मग ते बल्गेरियातल्या कझानलकच्या गुलाबांच्या खोऱ्यात पोचत असे. तिथे एक किलो गुलाबाचं तेल काढायला साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. तेव्हा काही लोक काय करायचे, पाकळ्या हंड्यात घालण्यापूर्वीच त्यांच्यावर रोशाचं तेल शिंपडायचे आणि दोन्ही एकत्र उतरवायचे. जे तेल उतरे ते गुलाब म्हणून पॅरिस-लंडनला विकलं जाई. जेरॅनिऑल गुलाबातही असतं, त्यामुळे नाकाला पटकन संशय येत नसे. पारखी माणसं बाटली गार करून बघत: खरं गुलाबतेल थंडीत गोठू लागतं, रोशा मिसळला की गोठायला उशीर लागतो.

तर त्या काळात तिकडच्या ज्या बायका गुलाब लावून नाटकाला गेल्या, त्यांतल्या कितीतरी जणींच्या मनगटावर सातपुड्याचा, माळव्याचा, खानदेशाचा रोशा होता, आणि त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. कापणाऱ्याचं, भट्टीवर जागणाऱ्याचं तर नाहीच नाही. मला यात चीड येते ती फसवणुकीची तेवढी नाही. चीड याची येते की रोशाला गुलाबाची उणी प्रत समजलं गेलं. गुलाबात जे बारीक बारीक घटक असतात, त्याचा मधासारखा, फळासारखा गोडवा, तो रोशात नाही हे खरंच आहे. पण रोशातलं हिरवेपण, ते वाळत्या गवताचं ऊन, ते गुलाबात कुठे आहे? आंब्याला तुम्ही फणस म्हणून विकाल तर तो हलकाच ठरणार.

हेच मी पुढे आपल्या जिल्ह्यातही पाहिलं. तुझे आजोबा आणि मी १९८३ साली होळीच्या वेळी सैलानीच्या जत्रेला गेलो होतो. पिंपळगाव सराईकडे माणसांचा पूर लोटलेला, नारळांची होळी, धूर, लोभान, संदलासाठी उगाळलेलं चंदन. जत्रेत अत्तरवाल्यांची ओळ होती. चटईवर पेट्या उघडलेल्या, आत काचेच्या लांब कुप्या, हिना, खस, मजमुआ, मोगरा. एकाने माझ्या हाताच्या पालथ्या बाजूला काडीने अत्तर ओढलं आणि म्हणाला, असली गुलाब. मी चाचांनी शिकवल्याप्रमाणे थांबले. मग हुंगलं आणि हळूच विचारलं, ‘भाऊ, मोतिया रोशा ना हा?’ तो दचकला नाही. मोठ्या आदराने त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘ताई, गुलाब आमच्या गिऱ्हाइकाला परवडत नाही. आणि रोशा म्हटलं तर म्हणतात, गुडघे दुखत नाहीत माझे.’ तो माणूस खोटा नव्हता. त्याला खरं नाव घ्यायची सोयच नव्हती. मी त्याच्याकडून खसाचं अर्धा तोळा तेल घेतलं, रोशाला आधार द्यायला. त्याबद्दल खाली लिहिते.

त्याआधी एक गोष्ट लिहायची आहे, जी मी तुझ्या आईशीही बोललेले नाही.

१९९८ साली तुझे आजोबा गेले. तोवर मी रोज सकाळी शाळेत जाताना खोबरेलात मिसळलेला रोशाचा थेंब केसांना आणि कानामागे लावत असे. मला कोणी सांगितलं नाही की आता लावू नकोस. सांगावं लागत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारी गेले होते, मुलीला सोबत म्हणून. तुला माहीत आहे, हळदीकुंकू झालं की हाताच्या पालथ्या बाजूला अत्तर लावतात, गुलाबदाणीतून शिंपडतात. अत्तरदाणी घेतलेली सून ओळीने येत होती. माझ्यापर्यंत आली, तिचा हात क्षणभर थांबला आणि पुढच्या बाईकडे गेला. ती पोर चांगली होती. तिला वाईट वाटलेलं मला दिसलं. घरी येऊन मी रोशाची बाटली खालच्या कप्प्यात ठेवून दिली, औषधांत.

सव्वा वर्ष ती तिथेच होती. मग पहिलीतली एक मुलगी, माझ्या टेबलापाशी नेहमी खेटून उभी राहणारी, एके दिवशी पाटी दाखवायला आली आणि म्हणाली, ‘बाई, तुमचा वास कुठं गेला?’

मला काही बोलता आलं नाही. तिच्या पाटीवर बरोबरची खूण केली. संध्याकाळी बाटली काढली, बुचाशी तेल दाट झालं होतं, वास थोडा उतरला होता. दुसऱ्या दिवशी लावून गेले. मला उमगलं की मी जो वास माझा म्हणत होते तो त्या चाळीस मुलांचाही झाला होता, आणि तो काढून घ्यायचा हक्क रूढीला नव्हता, मलाही नव्हता. त्यानंतरच्या संक्रांतीपासून आपल्या घरी हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी स्वतः अत्तर लावते. प्रत्येक बाईला. पहिल्या वर्षी दोघीतिघींनी हात मागे घेतले. एक सत्तरीची शेजारीण हात पुढे करून रडायला लागली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू पुसण्याच्या, बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पेपरात मोठी बातमी आली. मी ती कापून ठेवली आहे. त्यात अत्तराचा उल्लेख नाही, पण माझ्या डोळ्यांसमोर तो थांबलेला हात आला.

आता लावायचं कसं ते. हे नीट वाच, कारण तुझ्या बाटलीसारखा फवारा मारायची ही चीज नाही.

रोशाचं तेल कातडीला कोरडं, म्हणजे तसंच, कधी लावायचं नाही. २६ द्रव्यांच्या यादीत जेरॅनिऑल आहे ते उगाच नाही. वीस थेंब तिळाचं किंवा खोबरेल तेल, त्यात एक थेंब रोशा. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघ. लाल झालं, खाज आली तर अंगाला लावू नकोस, कापसाचा फाया करून कानाच्या पाळीच्या वरच्या खळगीत ठेवायचाही मोह धरू नकोस. ओढणीच्या टोकाला लाव. रेशमाला लावू नकोस, डाग जात नाही. तेल जुनं होऊन हवेने बिघडलं की त्रास देण्याची शक्यता वाढते, म्हणून कुपी लहान असावी, काळ्या किंवा तपकिरी काचेची, आणि गळ्यापर्यंत भरलेली. एका मोठ्या बाटलीतून रोज थोडं काढत बसण्यापेक्षा चार लहान कुप्या बऱ्या.

रोशाचा दोष असा की तो टिकत नाही. दोन-तीन तासांत उडतो. वऱ्हाडच्या वैशाखात तर तासाभरात. त्याला धरून ठेवणारं काहीतरी जड खाली हवं. कनौजचे लोक यासाठी चंदनाचं तेल वापरत आले, देगेतून, म्हणजे हंड्यातून, आलेली फुलांची वाफ ते भपक्यातल्या, म्हणजे वाफ जमते त्या भांड्यातल्या, चंदनतेलात जिरवतात. अस्सल चंदनतेल आज तुझ्या पगाराबाहेरचं आहे आणि स्वस्तातलं चंदन बहुतेक चंदन नसतंच. खस घे. सैलानीच्या त्या अर्ध्या तोळ्यावर मी महिनाभर प्रयोग केले: तीन भाग रोशा, एक भाग खस, यावर स्थिर झाले. खसाची मुळं ओल्या मातीची, रोशाचे तुरे उन्हाचे. दोन्ही गवतंच. हिवाळ्यात याच्यात लवंगेच्या तेलाचं फक्त टोक बुडवलेली काडी फिरवायची, उन्हाळ्यात नाही. सकाळी लावलं तर दुपारी रोशा गेलेला असतो आणि खस उरतो, आणि संध्याकाळी घरी आल्यावर गळ्यातला स्कार्फ काढताना रोशा पुन्हा एकदा भेटतो. तो क्षण मला सगळ्यात आवडतो.

तू संगणकावर आकडे करतेस, म्हणून एक गंमत सांगते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचा एक अध्याय आहे, सहाव्या शतकातला. १६ सुगंधी द्रव्यांमधून दरवेळी चार निवडायची, त्यांची प्रमाणं बदलायची, तर किती वास होतात याचा हिशेब त्याने दिलाय: १,७४,७२०. करून बघ. १६ तून ४ निवडायच्या रीती १८२०, आणि १८२० गुणिले ९६. शाळेत मी हे गणित सातवीला घालत असे. मुलं उत्तर काढायची आणि मग विचारायची, बाई, एवढे वास कोणी घेऊन बघितले का? म्हणजे दुसऱ्या कोणाकडेच नसलेला वास हवा असेल तर तो दुकानात शोधावा लागत नाही. चार कुप्या आणि एक काडी पुरते. तुझं प्रमाण माझ्यापेक्षा वेगळं निघेल. निघू दे.

आणखी एक. कारखान्याच्या बाटलीचा वास दर वर्षी तोच ठेवतात, त्यासाठी माणसं नेमलेली असतात. रोशा दर वर्षी वेगळा. २०१८ च्या दुष्काळात आपल्याकडे पाऊस लवकर गेला, त्या हंगामाचं जे तेल मला मिळालं ते तिखट, पातळ वासाचं होतं. दोन वर्षांनी आलं ते इतकं गोड की मी खस कमी केला. मी कुपीवर साल लिहून ठेवते. कोणतं साल कसं गेलं ते मला नाकाने आठवतं.

तू विचारशील, तुरे तोडायला आपण सातपुड्यात जाऊ या का. वास घ्यायला जरूर जाऊ. तोडायला नाही. तिथलं अंबाबरवा १९९७ पासून अभयारण्य आहे, आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथलं गवत सांबरांचं, गव्यांचं. मी ज्या नाल्याकाठी बसायचे तिथे आता भट्टी नाही आणि मला त्याचं दुःखही नाही, कारण हंड्याखाली जळत होतं ते त्याच रानाचं लाकूड. रोशा आता शेतात घेता येतो. लखनौच्या केंद्रीय औषधी व सगंध पौधा संस्थेने त्याचे तृष्णा, तृप्ता, वैष्णवी असे चांगले वाण काढलेत. हलक्या, मुरमाड जमिनीत येतो, जनावरांच्या तोंडापासून राखला तर एकदा लावून चार-पाच वर्षं कापता येतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे. तुझा मामा कोरडवाहू तीन एकरांचं काय करावं म्हणून डोकं धरून बसलाय, त्याला मी तिथे जाऊन विचारायला सांगितलंय. एकट्या शेतकऱ्याने तेल काढण्याचं यंत्र घेणं परवडणारं नाही, आठ-दहा जणांनी मिळून केलं तरच जमेल. तो अजून हो म्हणाला नाही. तू सांग त्याला. तुझं ऐकतो.

माझ्या गच्चीवर दोन मोठ्या कुंड्यांत रोशा आहे. या आठवड्यात तुरे विटकरी झालेत. कपडे वाळत घालायला गेले की बाही घासते, आणि मी शाळेच्या वाटेवर असते.

सोबत पार्सलमध्ये तीन कुप्या आहेत. एकीत मोतिया, तीत काही मिसळलेलं नाही. दुसरीत खस. तिसरीत माझं मिश्रण, तिळाच्या तेलात, सरळ लावता येईल असं. तरी कोपराची परीक्षा केल्याशिवाय लावू नकोस. काड्या म्हणून मोरपिसाच्या देठाचे तुकडे ठेवलेत. ती महागडी बाटली घ्यायची असेल तर घे, मी अडवणार नाही, तोही वास छान असेल. फक्त दोन्ही एकाच दिवशी लावू नकोस. ऑफिसात कोणी विचारलंच, काय लावलंस, गुलाब का, तर त्यांना नाव सांग. कुप्यांवर मी शाईने लिहिलंय, वर मेणाचा हात दिलाय म्हणजे पुसणार नाही. अक्षर थोडं थरथरलंय, पण वाचता येतं.

बुचं घट्ट आहेत. उघडताना कुपी उभी धर.

तुझी आजी